बावीस हजारांचा टूथब्रश घ्यावा का?

वाचकांचे प्रश्न : दात आणि हिरड्या

विजेवर चालणाऱ्या टूथब्रशविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे. पुढच्या दोन्ही पत्रांतील शंकांचा अर्धा उलगडा त्यातच होत असल्यामुळे ते आधी वाचावे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ६३ असून मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आजवर पन्नास रुपयांच्या आतबाहेरचा साधा ब्रश वापरत आलो. गेल्या काही महिन्यांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येते आणि वरच्या डाव्या बाजूच्या दोन दातांना गार पाणी लागले की कळ येते. दंतवैद्यांनी किटण साचल्याचे सांगून स्केलिंग (उपकरणाने किटण काढणे) सुचवले, परंतु त्याने दात हलू लागतात असे ऐकल्यामुळे मी ते टाळले आहे. आता मुलगी व जावई मला विजेवरचा ब्रश भेट देणार आहेत. लक्ष्मी रस्त्यावर चौकशी केली असता तीन प्रकार समजले : सुट्या सेलवर चालणारा ७०० रुपयांचा, चार्ज होणारा ४,००० रुपयांचा आणि मोबाइलशी जोडला जाणारा २२,००० रुपयांचा. बदलायचे हेड (तंतू असलेला पुढचा सुटा भाग) मधल्या प्रकारात ४०० रुपयांना आणि महागड्या प्रकारात ७०० रुपयांना पडते. मधल्या ब्रशला दाब जास्त झाल्याचे दाखवणारा दिवा आहे, सेलवाल्याला नाही. दुकानदार महागडाच घ्या म्हणतात, जावयांचाही तोच आग्रह आहे. हे पैसे वसूल होतात का? कृपया मोघम नव्हे, ठाम उत्तर द्यावे.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : बावीस हजारांचा ब्रश घेऊ नये. चार हजारांचा घेण्यास हरकत नाही. मात्र कोणताही घेण्याआधी आपल्या दंतवैद्यांनी सांगितलेले स्केलिंग करून घ्यावे, कारण आपल्या तोंडात आज जे दुखणे आहे त्यावर यांपैकी एकाही ब्रशकडे इलाज नाही.

दातांवर दिवसभरात जिवाणूंचा जो चिकट थर बसतो त्याला प्लाक म्हणतात. तो मऊ असतो आणि कोणत्याही ब्रशने, अगदी पन्नास रुपयांच्या ब्रशनेसुद्धा, निघतो. तो तसाच राहिला की लाळेतील क्षार त्यात बसतात आणि त्याचे दगडासारखे कठीण किटण होते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ लावून पाहिल्यास ते बहुतेकांना खरखरीत लागते. एकदा हे किटण झाले की ते घासून निघत नाही, मग ब्रश मिनिटाला कितीही वेळा हलो. ते दंतवैद्यांच्या उपकरणानेच काढावे लागते. स्केलिंगने दात हलतात हा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि तो कसा पसरला हेही समजण्यासारखे आहे. किटणाने दातांमधल्या फटी बुजवलेल्या असतात, सुजलेली हिरडी फुगून वर आलेली असते. किटण निघाले आणि सूज उतरली की जिभेला अचानक मोकळ्या फटी लागतात. दात आधीच सैल झालेला असेल तर किटणाचा आधार गेल्यावर ते जाणवू लागते. तो सैल मात्र किटणामुळे झालेला असतो. खर्चाची अडचण असेल तर आपल्या घराजवळ धनकवडीला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी हे काम खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात करतात. वेळ मात्र अधिक लागतो, तेव्हा सकाळ मोकळी ठेवून जावे.

आता विजेच्या ब्रशचा फायदा किती, हे पाहू. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये हाताच्या आणि विजेच्या ब्रशांची तुलना करणाऱ्या ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ५,०६८ माणसे होती. विजेचा ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरील प्लाक एक ते तीन महिन्यांत ११ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ वापरल्यावर २१ टक्क्यांनी कमी आढळला. हिरड्यांच्या सुजेतील घट याच दोन टप्प्यांवर ६ आणि ११ टक्के होती. फायदा खरा आहे आणि तो माफक आहे. दीर्घकाळात दात वाचण्याच्या दृष्टीने त्याचे मोल किती, हे आढावा घेणाऱ्यांनीही ठरवलेले नाही. उत्तर जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अकरा वर्षांच्या पाहणीवर आधारित निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार विजेचा ब्रश वापरणाऱ्यांत हिरड्यांच्या आजाराची वाढ सुमारे एक पंचमांशाने कमी होती. परंतु ती निरीक्षणावर आधारलेली पाहणी होती. असा ब्रश आपणहून विकत घेणारा माणूस एरवीही दातांची थोडी अधिक काळजी घेणारा असू शकतो, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा लागतो.

दुकानदार जे सांगत नाहीत ते यापुढचे आहे. कॉक्रेनच्या आढाव्यातील चाचण्या २०१४ पर्यंतच्या आहेत. मोबाइलशी बोलणारे ब्रश तेव्हा बाजारात जेमतेम येत होते. विजेच्या ब्रशचा म्हणून जो पुरावा जाहिरातींत मांडला जातो त्याचा मोठा भाग अशा साध्या यंत्रांचा आहे, ज्यांचे हेड गोल असते आणि अर्धवट मागेपुढे फिरते. आपण सांगितलेला चार हजारांचा ब्रश याच घराण्यातला असावा. उरलेल्या अठरा हजारांत रंगीत पडदा, पाच-सहा प्रकारच्या घासण्याच्या पद्धती, प्रवासाची डबी आणि तोंडाचा कोणता भाग राहिला हे मोबाइलवर दाखवणारी सोय मिळते. यांतली शेवटची गोष्ट पहिले काही दिवस खरोखर शिकवते. त्यानंतर पहाटे डोळे चोळत बेसिनपाशी मोबाइल धरून उभे राहण्याचा उत्साह किती जण टिकवतात, याविषयी मला शंका आहे. ‘व्हाइटनिंग’ नावाची पद्धत चहाचे आणि तंबाखूचे वरवरचे डाग थोडे कमी करते, दाताचा मूळ रंग बदलत नाही.

महागड्या ब्रशातील ज्या दोन सोयींना मी मोल देतो त्या मधल्या किमतीतही मिळतात. पहिली म्हणजे वेळेची खूण. दर तीस सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो, तेव्हा तोंडाच्या पुढच्या चौथ्या भागाकडे जायचे. अशी दोन मिनिटे भरतात. हाताने घासताना बहुतेक माणसे दोन मिनिटे झाली असे समजून त्याच्या निम्म्यातच थांबतात. कॉक्रेनच्या आकड्यांतील फायद्याचा काही वाटा या घड्याळाचाच असावा, असे मला वाटते. अर्थात भिंतीवरचे घड्याळही तेच काम फुकट करते.

दुसरी सोय दाबाची, आणि ती आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. आपण उजव्या हाताने दात घासत असाल, तर वरच्या डाव्या बाजूच्या दोन दातांत येणारी कळ मला विचारात पाडते. उजव्या हाताने आडवे आणि जोरात घासणाऱ्यांचा सर्वांत जास्त जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर व त्यामागच्या दाढांवर पडतो. वर्षानुवर्षे असे घासल्याने हिरडी वर सरकते, दाताच्या मुळाचा, इनॅमल म्हणजे दातावरचे कठीण कवच नसलेला भाग उघडा पडतो आणि तेथे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पडते. नख फिरवले तर ती लागते. गार पाण्याची कळ तिथूनच येते. पुण्यात मी तपासलेल्या मध्यमवर्गीय, नेमाने दोन वेळा दात घासणाऱ्या आणि त्याचा अभिमान असणाऱ्या माणसांत या खाचा मी वारंवार पाहिल्या आहेत. आळशी माणसाला हा आजार सहसा होत नाही. कडक तंतूंचा ब्रश आणि दाताला चकाकी येईपर्यंत घासायची, राखुंडीच्या दिवसांपासून अंगवळणी पडलेली सवय हे त्याचे कारण. दाब जास्त झाला की तांबडा दिवा लावणारा किंवा गती कमी करणारा ब्रश अशा माणसाचा हात हळूहळू सुधारतो. आपल्या दातांवर खरोखर खाचा आहेत का, हे दंतवैद्यांना विचारावे. असल्या तर त्या भरता येतात. तो दिवा मधल्या ब्रशला असल्यामुळे चार हजार मोजण्याचे एक खरे कारण आपल्याजवळ आहे.

सुट्या सेलवर चालणारा सातशेचा प्रकार वगळावा. सेल उतरत गेले की त्याची गती मंदावते, ती मंदावली हे लवकर लक्षात येत नाही, आणि दाबाची सोय त्याला नाही.

खर्चाचा हिशेब आपणच पाठवलेल्या किमतींवर करू. ब्रशचे हेड तीन महिन्यांनी बदलायचे असते, म्हणजे वर्षाला चार. पाच वर्षांत मधल्या ब्रशची हेड ८,००० रुपयांची होतात, म्हणजे एकूण १२,०००. महागड्याची हेड १४,००० आणि एकूण ३६,०००. पन्नास रुपयांचा हाताचा ब्रश तीन महिन्यांनी बदलला तर याच पाच वर्षांत १,००० रुपये लागतात. शिवाय यांतील बहुतेक ब्रशांची बॅटरी पाणी शिरू नये म्हणून बंद आवरणात असते आणि ती घरी बदलता येत नाही. ती दमली की सगळा ब्रश बाद होतो, मग तो चार हजारांचा असो वा बावीसचा. बॅटरी पाच वर्षे पुरेल असे धरून हा हिशेब मांडला आहे, तो थोडा उदारच आहे. हेड महाग म्हणून ते सहा-आठ महिने वापरत राहणारी माणसे मी पाहिली आहेत. तंतू फाकलेल्या विजेच्या ब्रशापेक्षा नवा साधा ब्रश केव्हाही चांगला.

ब्रश घेतलाच तर तो चालवण्याची रीत नव्याने शिकावी लागेल. हाताच्या ब्रशसारखा तो घासायचा नसतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तो नुसता टेकवायचा, तीन-चार सेकंद थांबायचे आणि पुढच्या दातावर सरकायचे. बाहेरची बाजू, आतली बाजू, मग चावण्याची बाजू. पेस्ट लावून तोंडात घातल्यावरच बटण दाबावे, नाहीतर आरशावर शिंतोडे उडतात. ब्रश कोणताही असो, फ्लोराइडची पेस्ट वापरावी आणि शेवटी थुंकून टाकल्यावर भरभरून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. लिंबूपाणी किंवा कैरीचे पन्हे प्यायल्यावर अर्धा तास थांबून घासावे, कारण आंबटाने इनॅमल काही वेळ मऊ पडलेले असते. रक्त येते म्हणून त्या जागी घासणे सोडू नये. रक्त येते ते तिथे प्लाक आहे म्हणून. स्केलिंगनंतर नीट घासणे सुरू केले की ते साधारण एक-दोन आठवड्यांत कमी होते. तसे झाले नाही, तर दंतवैद्यांकडे परत जावे आणि रक्तातील साखरही तपासून घ्यावी, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो.

एक गोष्ट मात्र बावीस हजारांतही मिळत नाही. दोन दात एकमेकांना जिथे टेकतात तिथे कोणत्याही ब्रशचे तंतू पोहोचत नाहीत आणि हिरड्यांचा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. त्यासाठी रात्री फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) किंवा बाटली धुण्याच्या ब्रशाच्या आकाराचा, पण काडीएवढा इंटरडेंटल ब्रश वापरावा. साठीनंतर फटी थोड्या मोठ्या झालेल्या असतात, म्हणून आपल्याला दुसरा अधिक सोयीचा पडेल. तो औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळतो. मापे वेगवेगळी असतात, म्हणून पहिल्यांदा दंतवैद्यांकडून माप ठरवून घ्यावे. जेवणानंतर टूथपिकने कोरत बसण्याची सवय असल्यास ती सोडावी.

जावयांना काय सांगायचे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो पत्रात डोकावतो. मधला ब्रश, वर्षभराची हेड आणि स्केलिंगचा खर्च अशी भेट त्यांच्याकडून मागून घ्यावी. एवढे करूनही बावीस हजारांतले बरेच पैसे उरतील.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या असून त्यांना कंपवात आहे. हात थरथरत असल्याने ब्रश नीट धरता येत नाही आणि मी घासून देऊ लागले की त्या संकोचतात. वरचे दात कवळीचे, खालचे स्वतःचे आहेत. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे व दात घासण्याचा कंटाळा करतो. दोघांसाठी विजेचा ब्रश घेणे योग्य होईल का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : सासूबाईंसाठी जरूर घ्यावा. पहिल्या पत्रलेखकांच्या बाबतीत मी जितका हात आखडता घेतला तितका येथे घेणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५४ मध्ये ब्रॉक्सोडेंट हा विजेचा ब्रश तयार झाला, तेव्हा डोळ्यांसमोर होती ती हातांची हालचाल नीट न होणारी माणसे आणि दातांना तारा लावलेले रुग्ण. याची जाड मूठ थरथरत्या किंवा संधिवाताने आखडलेल्या बोटांना धरता येते, आणि घासण्याची बारीक हालचाल यंत्र करत असल्याने हाताला तो फक्त जागेवर न्यायचा असतो. त्यामुळे त्यांना बराच भाग स्वतःचा स्वतः घासता येईल व संकोचाचा प्रश्नही हलका होईल. राहिलेला भाग आपण खुर्चीच्या मागे उभे राहून, त्यांचे डोके आपल्याकडे टेकवून घासावा. दाबाचा दिवा असलेला ब्रश निवडावा. दुसऱ्याचे दात घासताना जोर किती पडतो हे आपल्याला कळत नाही, ते दिव्याने कळेल. पहिल्या दिवशी ब्रश चालू करून आधी त्यांच्या हाताला लावून दाखवावा, नाहीतर तोंडात एकदम थरथर झाली की त्या दचकतील. गिळताना ठसका लागत असेल तर पेस्ट अगदी थोडी घ्यावी आणि त्यांना सरळ बसवावे. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ब्रश आणावा. कवळी मात्र या ब्रशने घासू नये. ती तोंडातून काढून, मऊ ब्रशने व साध्या साबणाने धुवावी आणि रात्री पाण्यात ठेवावी. पेस्टने तिच्यावर चरे पडतात.

मुलाला घ्यायचा असल्यास मुलांसाठीचा, लहान हेडचा आणि कमी किमतीचा घ्यावा. नवलाईने काही काळ तो घासेल. कंटाळा परत आला की आपल्याला शेजारी उभे राहावेच लागेल, कारण या वयात मागच्या दाढांपर्यंत हात नीट जात नाही आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेल्या पक्क्या दाढा किडण्याची भीती याच काळात सर्वाधिक असते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडला १,००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भागांची) मर्यादा आहे, तेव्हा मोठ्यांची पेस्ट त्याला चालेल. फक्त ती गिळू नये, याकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून विजेचा ब्रश पाठवला आहे. चार्जरची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. साधा अडॅप्टर लावून चालेल का? याची हेड येथे न मिळाल्यास ऑनलाइन मिळणारी स्वस्त हेड वापरावीत का?
— एक वाचक, औंध

उत्तर : अडॅप्टर आणण्याआधी चार्जर उलटा करून त्यावरील बारीक अक्षरे भिंगाने वाचावीत. ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट असे असेल तर साधा अडॅप्टर चालेल. तेथे फक्त ११० किंवा १२०च्या आसपासचा आकडा असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर मुळीच लावू नये. अडॅप्टर पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, आणि चार्जर जळण्याचा धोका असतो. अमेरिकेत विकले जाणारे काही चार्जर या दुसऱ्या प्रकारचे असतात. अशा वेळी व्होल्टेज कमी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तो मिळण्यास अडचण येऊ नये. चार्जर सोबत नेऊन दाखवावा.

हेडच्या बाबतीत कंपनीच नव्हे, तर प्रकारही जुळावा लागतो. एकाच कंपनीच्या नव्या पद्धतीच्या ब्रशची हेड तिच्याच जुन्या ब्रशांना न बसणे, हे या व्यवसायात सर्रास घडते. म्हणून ब्रशच्या तळाशी असलेला मॉडेलचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि त्याची हेड भारतात मिळतात का, हे आधी पाहावे. न मिळाल्यास मुलाकडून वर्षभराची मागवून घ्यावीत. स्वस्त नकली हेडची मला दोन कारणांनी धास्ती वाटते : ती दांड्यावर सैल बसून खडखडतात आणि त्यांच्या तंतूंची टोके गोल केलेली असतीलच याचा भरवसा नसतो. धारदार टोके मिनिटाला हजारो वेळा हिरडीवर फिरली तर काय होईल ते सांगायला नको. रोज घासून झाल्यावर हेड काढून त्याखाली साचणारा पांढुरका चिकटा धुऊन टाकावा व दोन्ही भाग सुटे वाळू द्यावेत. आपल्या सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येत असेल, तर क्षारांचे पुट चढून हेड दांड्यावर घट्ट बसते आणि पुढे निघता निघत नाही, म्हणून हे अधिक नेमाने करावे. ब्रश निकामी झाला तर तो ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये; आत बॅटरी असल्याने तो ई-कचरा ठरतो, आणि आपल्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या सेवकांना विचारल्यास तो कोठे द्यायचा ते कळेल.